प्रोसेसर बदलल्यावर पंखा ओरडतो आणि तापमान १०० ला जाते: उष्णता नेमकी कुठे अडते?

अमळनेरला लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ तयार करणाऱ्या एका व्यावसायिकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षे वापरलेला इंटेलचा आय५-८४०० प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) काढून त्यांनी आय७-१२७०० आणि त्याच्यासाठी बी६६० मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो ती मुख्य पाटी) घेतला. प्रोसेसर खोक्याविना, म्हणजे ट्रे स्वरूपात मिळाल्यामुळे जुन्या संगणकावरचा टॉवर कूलरच, म्हणजे चार प्लास्टिकच्या पिनांनी बोर्डाच्या छिद्रांत अडकणारा धातूच्या पाकळ्यांचा आणि पंख्याचा उभा मनोरा, नव्या बोर्डावर बसवून घेतला. तेव्हापासून काही काम चालू नसतानाही तापमान ५८ ते ६२ अंश दाखवते, व्हिडिओ एक्स्पोर्टला (अंतिम फाईल तयार करायला) लावताच ते १०० वर जाते, पंखा पूर्ण वेगाने घरघरत राहतो आणि इतके करून काम जुन्या संगणकापेक्षा फारसे लवकर उरकत नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची उष्णतावाहक पेस्ट दोनदा बदलली, एकदा पंखा बदलला, फरक पडला नाही. विकणाऱ्याचे म्हणणे असे की आय७ म्हटल्यावर तापणारच. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: कॅबिनेट टेबलावर आडवे टाकले की आवाज थोडा कमी होतो.

जळगावात संगणक दुरुस्तीचे काम मी २२ वर्षे करतो आहे आणि आपल्या संपूर्ण प्रश्नात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे शेवटचे वाक्य. कॅबिनेट उभे असते तेव्हा मदरबोर्डही उभा असतो आणि कूलर त्याला आडवा लटकलेला असतो, त्यामुळे त्याचे स्वतःचे वजनच त्याला प्रोसेसरपासून सुटे करू पाहते. कॅबिनेट आडवे केले की तेच वजन प्रोसेसरवर दाबून बसते. दाब वाढल्यावर पंख्याचा वेग कमी होत असेल, तर एरवी दाब अपुरा पडतो आहे असा त्याचा सरळ अर्थ निघतो. आडवे-उभे केल्याने झिजलेल्या बेअरिंगचाही आवाज बदलतो, म्हणून केवळ कानावर विसंबू नका. दोन्ही स्थितींत तापमान पाहा. आडव्या स्थितीत तेही आठ-दहा अंशांनी उतरत असेल, तर शंकेला जागा राहत नाही.

दाब अपुरा का पडला असावा, याचे कारण बोर्डाच्या छिद्रांत आहे. इंटेलच्या एलजीए ११५६ पासून एलजीए १२०० पर्यंतच्या सर्व सॉकेटांभोवती, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेभोवती, कूलरसाठी असलेली चार छिद्रे ७५ मिलिमीटरच्या चौकोनात होती. हे माप २००९ पासून दहा वर्षांहून अधिक काळ बदलले नाही, त्यामुळे कूलर काढून दुसऱ्या बोर्डावर लावणे ही आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाताला बसलेली सवय झाली. २०२१ च्या अखेरीस इंटेल प्रोसेसरच्या बाराव्या पिढीसोबत (आपला आय७-१२७०० याच पिढीतला) एलजीए १७०० आले आणि तो चौकोन ७८ मिलिमीटरचा झाला. शिवाय बोर्डापासून प्रोसेसरच्या माथ्यापर्यंतची उंचीही मिलिमीटरभराच्या आसपास कमी झाली. आपला जुना कूलर ७५ च्या मापाचा आहे. प्लास्टिकचे पाय ताणून, पिना तिरक्या करून तो ७८ च्या छिद्रांत बसवता येतो, बसलेला दिसतोही, पण तिरकी पिन पूर्ण खाली जात नाही आणि खाली सरकलेल्या प्रोसेसरवर तिचा दाब आणखीच हलका होतो. अशा स्थितीत पेस्ट दोनदा नव्हे, दहा वेळा बदलली तरी उपयोग होणार नाही.

हा माझा तर्क आहे आणि तो खरा की खोटा हे आपण स्वतः घरी अर्ध्या तासात ठरवू शकता. त्यासाठी तीन आकडे एकत्र लागतात: खोलीचे तापमान, प्रोसेसर घेत असलेले वॅट आणि तापमान चढायला लागलेले सेकंद. नुसते ‘१०० अंश’ एवढे सांगितले तर कोणताही जाणकार नेमके काही सांगू शकणार नाही, कारण ४५ वॅटला १०० अंश आणि १७० वॅटला १०० अंश हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून त्यात सीपीयू पॅकेजचे तापमान आणि सीपीयू पॅकेज पॉवर या दोन ओळी डोळ्यांसमोर ठेवा. खोलीत साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवून त्याचा आकडा लिहून घ्या. मग नेहमीचा एखादा जड एक्स्पोर्ट लावा आणि घड्याळ पाहा. तापमान दोन-तीन सेकंदांत १०० ला भिडले, लगेच वॅटचा आकडा घसरून ५०-६० च्या आसपास आला आणि एक्स्पोर्ट थांबवताच तापमान तितक्याच झटक्याने ६० पर्यंत कोसळले, तर उष्णता प्रोसेसरच्या माथ्यावरच अडली आहे, ती धातूपर्यंत पोहोचतच नाही. याउलट तापमान पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत गेले आणि थांबवल्यावर उतरायलाही तसाच वेळ लागला, तर संपर्क ठीक आहे. धातू तापतो आहे, पण त्या धातूतली उष्णता हवा वाहून नेत नाही. तिसरी शक्यताही लक्षात असू द्या. वॅट १५० च्या वर टिकून आहेत आणि तापमानही चटकन ९५ च्या पुढे गेले आहे, तर बसवण्यात दोष नसेलही. एवढी उष्णता पेलणे त्या कूलरच्या कुवतीबाहेरचे असते.

याला जोडून बोटाची परीक्षा करावी, कारण बोट खोटे बोलत नाही. पडद्यावर १०० दिसत असताना, पंख्याच्या पात्यांपासून हात लांब ठेवून, कूलरच्या बुडाजवळचा धातू क्षणभर बोटाने चाचपा. तो कोमट लागला तर संपर्क नाही. चटका बसला तर संपर्क आहे आणि दोष पुढे वाऱ्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्म्या तक्रारींत या एका स्पर्शाने दिशा ठरते.

आता कूलर उतरवून आतला ठसा वाचावा. त्याआधी संगणक पाच मिनिटे चालवून पेस्ट गरम आणि मऊ करून घ्या, मग तो बंद करून मुख्य वायर काढा. पिनेच्या डोक्यावर बाणाची खूण असते. त्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवला की पिन सुटते, आणि पुन्हा बसवताना ती उलट फिरवून आधी मूळ जागी आणावी लागते. हे न केल्यामुळे वर तरंगत राहिलेल्या पिना मी असंख्य वेळा पाहिल्या आहेत. कूलर सरळ ओढू नका, किंचित डावीकडे-उजवीकडे पीळ देऊन उचला. एएमडीच्या एएम४ प्रोसेसरच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि जोराने ओढल्यास बंद सॉकेटमधूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो.

उचललेल्या कूलरचे बूड उजेडात धरा. नीट बसलेल्या कूलरवर पेस्टचा थर सगळीकडे सारखा, इतका पातळ दिसतो की खालच्या धातूची चमक त्यातून जाणवते, आणि कडेला थोडी जास्तीची पेस्ट सांडलेली असते. गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याहून आलेल्या, अगदी आपल्यासारख्याच एका संगणकात वरच्या कडेला पेस्ट लोण्याच्या लपक्यासारखी जशीच्या तशी उभी होती, तिच्यावर नोझलची वळणेसुद्धा शाबूत होती. खालच्या कडेला मात्र धातू धातूला घासून लखलखीत झाला होता. म्हणजे कूलर एका बाजूने टेकलेला आणि दुसऱ्या बाजूने उघडा होता. त्या मधल्या फटीचे गणित असे की तांब्याची उष्णतावहनक्षमता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, पेस्टची बहुधा ४ ते १२ आणि हवेची अवघी ०.०२६ असते. पेस्ट ही डोळ्यांना न दिसणारे खड्डे भरण्यापुरती आहे. जाड थर दिला की तीच पेस्ट अडसर होते, आणि फटीत हवा राहिली तर मग बोलायलाच नको. बुडावरची पारदर्शक संरक्षक फिल्म तशीच राहिली आहे का, हेही याच वेळी पाहून घ्या. अनुभवी माणसाच्या हातूनही ती कधी कधी राहून जाते.

ठसा वर सांगितल्यासारखा एकांगी निघाला, तर उपाय दोनच आहेत. आपल्या कूलरच्या उत्पादकाने एलजीए १७०० साठी वेगळे ब्रॅकेट काढले असेल तर ते मागवा, किंवा बोर्डाच्या पाठीमागे बसणारी धातूची बॅकप्लेट आणि स्क्रू असलेला नवा टॉवर कूलर घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करताना नुसते ‘इंटेलचा कूलर’ असे न म्हणता ‘एलजीए १७०० चा, बॅकप्लेटवाला’ असे स्पष्ट सांगा आणि खोक्यावर तो आकडा स्वतः वाचा. दिवसाला सहा-सात तास रेंडर (व्हिडिओ एक्स्पोर्ट) करणाऱ्या माणसाला मी पिनांचा कूलर सुचवणार नाही. प्लास्टिकची पकड उष्णतेने वर्षागणिक ढिली होते आणि कॅबिनेट मोटारसायकलवर एकदा इकडून तिकडे नेले तरी पिन उचकटते. दोऱ्याने, केबल टायने किंवा पुठ्ठ्याच्या पाचरींनी जुना कूलर घट्ट करण्याचे प्रयोग कृपा करून करू नका. दाब असमान पडला तर बोर्ड वाकतो.

बसवताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्याकडे कापूस मुबलक म्हणून हात आपसूक त्याकडे जातो, पण त्याचे तंतू मागे राहतात, त्यासाठी चष्मा पुसायचे कापड बरे. एलजीए १७०० चा प्रोसेसर चौरस नसून ३७.५ बाय ४५ मिलिमीटरचा लांबट आहे, तेव्हा मध्यावर एक थेंब देण्याऐवजी लांबीच्या दिशेने तुरीच्या दाण्याएवढे दोन-तीन ठिपके द्यावेत. कूलर एकदाच सरळ खाली ठेवावा, उचलून पुन्हा ठेवू नये, कारण त्यात हवा अडकते. स्क्रू समोरासमोरचे कोपरे धरून दोन-दोन फेऱ्यांनी आवळत जावेत. एकच स्क्रू आधी पूर्ण पिळला की पुन्हा तोच एका कडेचा ठसा उमटतो. प्रोसेसर मात्र सॉकेटमधून काढू नका. त्याची गरज नाही आणि सॉकेटमधल्या बारीक पिनांपैकी एक वाकली तरी नवा बोर्ड हातचा जाईल.

संपर्क सुधारल्यावरही एक प्रश्न उरतो आणि त्याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. आय७-१२७०० च्या खोक्यावर आणि कोष्टकात ६५ वॅट लिहिलेले असते, पण ती मूळ वेगाची मर्यादा आहे. टर्बोमध्ये, म्हणजे जड कामासाठी प्रोसेसर आपोआप वेग वाढवतो तेव्हा, इंटेलने दिलेली मर्यादा १८० वॅट आहे. आपला आय५-८४०० सुद्धा कागदोपत्री ६५ वॅटचाच होता, त्यामुळे ‘६५ च्या जागी ६५’ असा हिशोब करून जुना कूलर चालेल असे आपल्याला वाटले, यात आपली चूक म्हणता येणार नाही. त्यातच अनेक मदरबोर्ड ही मर्यादा आपणहून मोकळी सोडतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) लाँग ड्युरेशन पॉवर लिमिटपुढे ४०९५ वॅट असा आकडा दिसला, तर मर्यादा नाहीच असे समजावे. काही बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना बॉक्स कूलर, टॉवर कूलर की वॉटर कूलर असा प्रश्न विचारतात आणि घाईत शेवटचा पर्याय दाबला गेला की प्रोसेसर मोकाट सुटतो.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या कामासाठी दीर्घकालीन मर्यादा ९० ते १०० वॅट आणि अल्पकालीन मर्यादा १२० च्या आसपास ठेवा. रेंडरला थोडा वेळ अधिक लागेल, पण तो अपेक्षेपेक्षा बराच कमी असेल, कारण शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी प्रोसेसर अवाच्या सवा वीज खातो. आज तर १०० अंशांना टेकून तो स्वतःच वेग पाडतो आहे, म्हणूनच १२ कोअरचा प्रोसेसर असूनही जुन्या ६ कोअरच्या पुढे फारसा जात नाही. यातून प्रोसेसर जळेल ही भीती मात्र मनातून काढून टाका. १०० अंशांवर वेग कमी करणे आणि त्याही पुढे गेल्यास संगणक बंद करणे ही व्यवस्था त्याच्यात आहे. प्रोसेसर सुखरूप राहतो. वाया जातो तो आपला वेळ, आणि लगीनसराईत तो परवडत नाही.

पंख्याच्या आवाजाकडे आता येऊ. कूलर तापमान कमी करतो ते नेहमी खोलीच्या तुलनेत. जोडणी व्यवस्थित असेल तर ६५ वॅटला प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ३० ते ३५ अंशांनी वर राहील. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत तो ५५ दाखवेल आणि तोच संगणक, काहीही न बिघडता, मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ७३ दाखवेल. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बोर्डात कारखान्यातून आलेली पंख्याची चाल (किती तापमानाला किती वेग, ही सेटिंग) असा उन्हाळा गृहीत धरत नाही. ती ४५-५० अंशांपासूनच वेग वाढवू लागते, त्यामुळे आपल्याकडे एप्रिल ते जून संगणक नुसता चालू असला तरी पंखा धावत राहतो. म्हणून बायोसमध्ये ही चाल हाताने बसवावी: ५५ अंशांपर्यंत ३५ टक्के, ७० ला ६० टक्के, ८५ ला १०० टक्के. तसेच पंख्याच्या प्रतिसादाचा विलंब दोन-तीन सेकंदांचा ठेवावा. ब्राउझरची एक खिडकी उघडली की तापमान क्षणभर उडी मारते आणि पंखा प्रत्येक उडीमागे धावतो. त्या सतत चढ-उताराचाच कानाला अधिक त्रास होतो. विलंब दिला की तो थांबतो.

आवाजाचा प्रकारही ओळखावा. वाऱ्याचा सरसर आवाज हा वेगाचा असतो. टकटक असेल तर एखादी वायर पात्याला लागते आहे. वेग कमी असतानाही बारीक खरखर येत असेल तर बेअरिंग गेले आहे, आणि विशिष्ट वेगालाच सगळे कॅबिनेट गुणगुणत असेल तर पत्र्याचा स्क्रू सैल आहे.

कॅबिनेटची परीक्षा सोपी आहे. बाजूचे झाकण काढून तेच काम पुन्हा चालवा. तापमान पाच अंशांहून अधिक उतरले तर आत हवा कोंडते आहे. आपल्याकडे संगणकाच्या टेबलात कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद असा कप्पा असतो, त्यात पंखा आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. त्या कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा, हा बिनखर्ची उपाय आहे.

खानदेशात कूलर म्हटले की आधी खिडकीतला पाण्याचा कूलर डोळ्यांपुढे येतो, आणि त्याचाही या विषयाशी संबंध आहेच. कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली थंड करतो, तेवढ्या अंशांनी प्रोसेसरही थंड राहतो, तेव्हा तो जरूर वापरा. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. तुषार आत जातात, आणि ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या, पाकळ्यांवर चिखलासारखी चिकटून वाळते, मग ती ब्लोअरनेही निघत नाही. आपल्या भागात धुळीपेक्षा कापसाचे तंतू अधिक घातक ठरतात. एका जिनिंगच्या कार्यालयातला संगणक मी उघडला तेव्हा पंखा नवा, पेस्ट नवी, तरी तापमान ९५ होते. पंखा काढल्यावर त्याखाली हीटसिंकवर रुईचा पांढुरका थर होता, इतका सलग की नखाने कड उचलली तर जाजमाच्या तुकड्यासारखा एका अखंड घडीत निघून आला. पंख्यातून पाहिले असता तो दिसत नव्हता, कारण तो पात्यांच्या मागे जमतो. म्हणून साफसफाई करताना पंखा उतरवूनच करा, आणि ब्लोअर मारताना पाते बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो गरगरला तर बेअरिंग खराब होते.

सगळे झाल्यावर सुरुवातीचे तीन आकडे पुन्हा घ्या, त्याच एक्स्पोर्टवर आणि शक्यतो दुपारी घ्या, रात्रीच्या गारव्यात नको. ९०-१०० वॅटला अर्ध्या तासानंतर तापमान ८५ च्या आत स्थिर राहत असेल तर कूलर आपले काम करतो आहे. तरीही ते दोन-तीन सेकंदांतच १०० ला जात असेल, तर कूलर पुन्हा उतरवून ठसा पाहा. प्रोसेसर सदोष असल्याचे निघण्याचे प्रसंग माझ्या पाहण्यात फारच थोडे आहेत.

जुन्या कूलरचा जो पंखा आपण अलीकडेच बदलून घेतला, तो टाकून देऊ नका. तो १२० मिलिमीटरचा असेल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, हवा बाहेर फेकेल अशा रीतीने लावा. त्याच्या चौकटीवर ज्या बाजूला मधल्या मोटारीला धरणारे आडवे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. वायरला तीनच पिना असतील तर बायोसमध्ये त्या जोडणीसाठी पीडब्ल्यूएमऐवजी डीसी मोड (व्होल्टेज कमी-जास्त करून पंख्याचा वेग बदलणारा) निवडा, नाहीतर तो कायम पूर्ण वेगाने फिरेल आणि प्रोसेसरचा पंखा शांत झाल्यावर आपण नव्या आवाजाचा शोध घेत बसाल.